दोन अंशांची पाचर

ओर्लिंदाला ट्रकची पायरी चढवेना, तेव्हा एलॉयने ट्रकच खाली आणायचा ठरवला.

आमच्या एस्पान्योलाच्या खोऱ्यात गाडी खाली आणायला, म्हणजे कापूनजोडून तिचं धूड जमिनीलगत बसवायला, एरवी कुणाला कारण लागत नाही. पोराला मिसरूड फुटलं की तो कुणाच्या तरी गाडीखाली पाठ घासत पडलेला दिसतो, आणि ज्याची गाडी जमिनीला जितकी टेकलेली तितकी त्याची मान ताठ. एलॉयने निम्म्या खोऱ्याच्या गाड्या खाली आणून दिल्या होत्या. त्याची स्वतःची अठ्ठावन्न सालची शेवरोले पिकअप तेवढी होती तशीच उंच राहिली. त्याच्या बापाने तिच्यातून मेंढ्या नेल्या, गवत वाहिलं. तिच्या अंगाला करवत लावायला याचा हात धजत नव्हता. त्यावरून क्लबातल्या लोकांनी त्याला जन्मभर छळलं. क्लबाचं नाव 'लोस लेन्तोस', म्हणजे संथ माणसं, आणि त्या सगळ्या बसक्या गाड्यांच्या रांगेत हा एकटा वर. "काय एलॉय, वरून सांता फे दिसतंय का?" असं विचारायचे. तो हसून सोडून द्यायचा.

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओर्लिंदाचा कॅन्सर छातीतून मणक्यात उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी एलॉयला बाहेर बोलावून सांगितलं, की हाडं आतून पोखरली गेलीत, इलाज संपले, आता फक्त तिला धक्का लागू देऊ नका. त्या बाई भल्या होत्या, पण धक्का लागू देऊ नका हे सांगणं सोपं असतं. बेरसाबे, म्हणजे ओर्लिंदाची धाकटी बहीण, तिने एकदा आपल्या मोटारीच्या मागच्या सीटवर तिला बसवून बघितलं. त्या चिंचोळ्या दारातून कंबर वळवून आत सरकताना ओर्लिंदा अशी ओरडली की शेजारची बाई तव्यावरचा तोर्तिया टाकून धावत आली. पुन्हा कुणी त्या मोटारीचं नाव काढलं नाही.

आणि जायचं तर होतंच. ओर्लिंदाचं आता एकच मागणं होतं, मुलाला एकदा डोळ्यांनी बघायचं.

मुलगा अमादेओ दक्षिणेकडच्या तुरुंगात होता. दारू पिऊन गाडी चालवली आणि एका बाईला मारलं. दोन लेकरांची आई होती ती. शिक्षा लांबलचक होती आणि ती चुकीची आहे असं घरात कधी कुणी म्हणालं नाही, ओर्लिंदाही नाही. ती फक्त दर महिन्याला जायची, आणि वसंतापासून तिला जाता आलं नव्हतं. एलॉयने तुरुंगात फोन करून विचारलं, आई मरणाला टेकलीय, पोराला दोन तास घरी आणाल का? नाही म्हणाले. मग एका शनिवारी दुपारी तीनपर्यंत खास भेट देतो म्हणाले, आईला घेऊन या. तुरुंगातल्या पोराला भेटायला रुग्णवाहिका कोण देणार? तेव्हा घरातलं एकच वाहन राहिलं. त्या जुन्या पिकअपचं दार गोठ्याच्या दारासारखं सताड उघडतं, आणि आतली सीट एकसलग, या दारापासून त्या दारापर्यंत. माणूस आडवा होऊ शकतो. फक्त ती सीट ओर्लिंदाच्या पलंगापेक्षा हातभर उंच होती.

"खाली आणतो," एलॉय म्हणाला. "पलंगावरून सरळ सरकवू तुला. वाकायचं नाही, वळायचं नाही."

"चाळीस वर्षं मी म्हणत होते खाली आण," ओर्लिंदा उशीवरूनच म्हणाली. "त्या उंच धुडात चढताना स्कर्ट सावरून सावरून माझी हाडं झिजली. त्यालाच कॅन्सर म्हणतात डॉक्टर."

"तेव्हा पाय होते ना तुला."

"होते ना. चांगले होते. तू बघायचास, रस्ता बघायचा सोडून."

फर्मीन मदतीला आला. फर्मीन अमादेओचा धर्मपिता, त्यामुळे तो आणि एलॉय एकमेकांचे कोंपाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. दोघांनी मिळून ट्रकचं मागचं अंग उघडं केलं. एलॉयने चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, करवत लावली तेव्हा बापाचं नाव घेऊन पुटपुटला काहीतरी. मागचा एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली होता तो उचलून पाट्यांच्या वर आणला, म्हणजे ट्रक तेवढाच खाली बसला. पुढचं अंगही उतरवलं. काम तसं सवयीचं होतं.

खरी कसोटी पुढे असते. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागच्या एक्सलच्या नाकात जाऊन बसतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस जॉइंट असतो. दोन्ही जॉइंट थोडे वाकलेले, आणि वाकलेला जॉइंट फिरताना दर फेरीला अडखळतो. पुढचा जितका अडखळेल तितकंच मागच्याने उलट सावरायचं, मग चाकांना पत्ताही लागत नाही. पण ट्रक खाली आला की शाफ्टचा कल बदलतो, एक जॉइंट जास्त वाकतो, दुसरा कमी, आणि सावरणारं कुणी राहत नाही. सगळी गाडी थरथरायला लागते. धडधाकट माणसाला त्या थरथरीने फार तर पायाला मुंग्या येतात. ओर्लिंदाच्या मणक्यांत ती सुरीसारखी फिरली असती. एलॉयला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून या वेळी कोन लावताना त्याने जितका जीव ओतला तितका आधी कधीच ओतला नव्हता.

ट्रक चाकांवर, सपाट फरशीवर उभा केला. चाकं लोंबकळत ठेवून कोन मोजणारे गाढव असतात, असं तो नेहमी म्हणायचा. वजन बसल्याशिवाय मोजलेल्या कोनाला काही अर्थ नाही. ड्रायव्हरच्या जागी फर्मीनला बसवला. सीटवर ओर्लिंदाच्या वजनाइतकी पिठाची पोती ठेवायची होती. एलॉयने ती आणली, ठेवली, आणि पोत्यांकडे बघत उभा राहिला.

"एवढीच?" फर्मीनने विचारलं.

"एवढीच राहिलीय ती."

फर्मीनने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग एलॉय खाली शिरला, कोनमापक गिअरबॉक्सच्या शेपटीला लावलं, मग शाफ्टला, मग एक्सलच्या नाकाला. पुढचं शेपूट जितकं खाली झुकलेलं, तितकंच मागचं नाक वर हवं. त्याने एक्सल फिरवला, मोजला, पुन्हा फिरवला. अर्ध्या अंशाचाही फरक राहू दिला नाही. मग वेल्डिंग मारलं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाट्यांचे तीन तुकडे होते. मागच्या कमानीतले सातातले तीन पाटे त्याने काढून टाकले होते.

"तीन फार झाले, कोंपाद्रे," फर्मीन म्हणाला. "कमान पातळ झाली की एक्सल तिला पीळ देतो. जोर पडला की नाक वर उचलेल."

"कसला जोर पडणार? मी काय शर्यत लावणारे? तिला मऊ बसलं पाहिजे. खड्ड्यात गेली गाडी तरी तिला कळता कामा नये."

"तेही खरं."

"आपण कोण आहोत?"

"लेन्तोस," फर्मीन म्हणाला, आणि दोघंही हसले. फर्मीनलाही ते पटलं, हेच तर दुःख आहे. आमच्यातल्या कुणालाही पटलं असतं. गाडी पळवणारा माणूस आमच्याकडे अडाणी समजला जातो. ज्याला घाई आहे त्याने बस पकडावी.

रविवारी संध्याकाळी ट्रक गावातल्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर आणला. क्लबातले झाडून सगळे आले होते. कोपऱ्यावर हिरव्या मिरच्या भाजण्याचं पिंप फिरत होतं, त्याचा धूर सगळ्या रस्त्यावर. बेरसाबे ओर्लिंदाच्या जागी आडवी झाली आणि पोटावर काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला धरून राहिली. एलॉयने ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगाने दोन फेऱ्या मारल्या, रेल्वेच्या रुळांवरून नेला, खड्ड्यांतून नेला. कॉफीचा थेंब सांडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने बॉनेटवर हात ठेवून, चर्चमध्ये ठेवतात तसा, डोळे मिटले. "शेवटी उतरला बाबा शिडीवरून," कुणीतरी म्हणालं, आणि एलॉयला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

एवढी सगळी माणसं, निम्म्यांचा जन्म गाड्यांखाली गेलेला, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की तुरुंग काही रिव्हरसाइड ड्राइव्हवर नाही.

शनिवारी सकाळी ओर्लिंदाला चादरीत घेऊन चौघांनी पलंगावरून सीटवर सरकवलं. एवढ्यानेही ती पांढरी पडली, पण ओरडली नाही. बेरसाबेने तिला लिपस्टिक लावली, केस विंचरले, गळ्याभोवती निळा रुमाल बांधला. दुखण्यावरची गोळी पुढे केली तर ओर्लिंदाने ओठ मिटून घेतले.

"अगं घे, लांबचा रस्ता आहे."

"ती घेतली की मी दिवसभर झोपते. झोपायला चाललेय का मी? तो मला बघेल तेव्हा माझे डोळे उघडे पाहिजेत. येताना घेईन."

बेरसाबेने गोळ्यांची डबी एलॉयच्या खिशात घातली. ओर्लिंदाचं डोकं एलॉयच्या मांडीवर होतं, पाय दुसऱ्या दाराशी, अंगाखाली मेंढीचं कातडं. तिला फक्त छत, स्टिअरिंगचा खालचा भाग आणि नवऱ्याची हनुवटी दिसत होती.

"दाढी नीट नाही केलीस," ती म्हणाली.

सांता फेपर्यंत रस्त्याचं काम चालू होतं. पिवळ्या शंकूंमधून एकेरी रांग, मैलोन्‌मैल. एलॉय वेळ हाताशी ठेवून निघाला होता, तरी त्यातला बराच तिथेच गेला. पण ट्रक कसा चालला होता! सायीवरून चालल्यासारखा. पुढे ला बाहादाची मोठी उतरण आली, तिथे त्याने पाय पेडलवरून काढूनच घेतला, आणि ट्रक आपल्याच वजनाने भरभर खाली गेला. ओर्लिंदाचे डोळे मिटलेले होते, पण तोंडावर हसू होतं.

"किती वेग आहे?"

"साठ."

"बाई गं. माझा बाप म्हणायचा, या एलॉयने पोरगी पळवून नेली तर काळजी नको, संध्याकाळी जेवून मग शोधायला निघालो तरी नाक्यावर सापडतील."

"सापडलो नाही ना पण."

"नाही सापडलो," ती म्हणाली.

उतरण संपली तशी अल्बुकर्कीकडच्या गाड्यांची गर्दी लागली, पुन्हा खुरडत जाणं. गर्दी सुटली, शहर मागे पडलं. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे नदीकाठचे पिवळी पडलेली कॉटनवुडची झाडं, समोर नाकासमोर जाणारा सपाट रस्ता. वारा समोरून होता. एलॉयने घड्याळ बघितलं, पुढचे मैल मनात मोजले आणि पेडल दाबलं.

पन्नास ओलांडल्यावर आधी तळाचा पत्रा गुणगुणायला लागला. मग ते सीटमध्ये आलं. पंचावन्नला सगळी सीट थरथरत होती, बारीक, सतत, आणि ओर्लिंदाने डोळे उघडले.

"हे काय आहे?"

त्याने पाय उचलला. थरथर थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा सुरू झाली. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. वेगाने नाही, जोराने होत होतं ते. वाऱ्याशी झगडायला इंजिन जोर लावत होतं, त्या जोराने पातळ झालेल्या कमानी पीळ खात होत्या आणि एक्सलचं नाक वर उचललं जात होतं. उभ्या ट्रकवर त्याने इतका जीव ओतून लावलेला कोन पळत्या ट्रकवर राहतच नव्हता. उतरणीवर पाय काढलेला होता, म्हणून तिथे कळलं नाही. रिव्हरसाइडवर तर काय, तिथे ट्रकला कुणी जोरच लावला नव्हता. नाक आधीच दोन अंश खाली झुकवून ठेवायला हवं होतं. आणि ते तीन पाटे. ओर्लिंदाला मऊ बसावं म्हणून काढलेले ते तीन पाटे.

चाळीसवर आणला की थरथर सोसण्याइतकी होत होती. पण चाळीसने गेलं तर तीन वाजून जाणार, हे हिशेब न करताही कळत होतं.

"काय झालं, म्हाताऱ्या? सांग की."

"शाफ्ट थरथरतोय. जोर लावला की होतं. हळू गेलो तर नाही होत."

"हळू गेलो तर पोचू?"

त्याने पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"मग जोरात ने," ओर्लिंदा म्हणाली. "ने. मी धरून ठेवते."

त्याने साठपर्यंत नेला. ओर्लिंदाने रुमाल तोंडात कोंबला. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, तिची नखं पँटमधून आत रुतली. दोन मैल गेले असतील नसतील. तिच्या घशातून येणारा आवाज माणसाचा नव्हता, आणि तो आवाज ती दाबत होती, म्हणून तो ऐकायला आणखी भयंकर होता. मग तिला उलटी झाली, आडव्याच, त्याच्या मांडीवर. एलॉयने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला.

"थांबू नको म्हणाले होते मी," ती म्हणाली. लिपस्टिक गालापर्यंत फासली गेली होती. त्याने ती रुमालाने पुसली.

"पाचरी आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "दोन अंशांच्या. पेटीत आहेत. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये सरकवल्या की झालं. अर्ध्या तासाचं काम आहे, ओर्लिंदा. अर्धाच तास. मग सत्तरने नेतो तुला, बघ."

"मग कर."

तो खाली उतरला. मागच्या चाकाशी जॅक लावला. पाचर सरकवायची तर ट्रकचं मागचं अंग उचलायलाच हवं. त्याने जॅकचा दांडा एकदा दाबला. ट्रक बोटभर कलला असेल. आतून जी किंकाळी आली ती ऐकून त्याचे हात दांड्यावरून आपोआप सुटले.

त्याने ट्रक हळूहळू परत खाली सोडला. दाराशी आला.

"तुला खाली उतरवतो. तिथे गवत आहे, कातडं अंथरतो. दोघांनी मिळून..."

"दोघं कोण? तू आणि मी?" ओर्लिंदा धापा टाकत होती. "सकाळी चौघं होते. तू एकटा मला उचलणार, मग पुन्हा उचलून आत घालणार. त्यानंतर माझ्यात काय उरेल ते घेऊन जाशील तू त्याच्याकडे?"

"एखादी गाडी थांबवतो. माणसं थांबतील."

"हलवू नकोस मला. एलॉय, माझं ऐक. आता हलवलंस तर मी शुद्धीत राहणार नाही, मला माहीत आहे."

"मग गोळी घे. गोळी घेतलीस तर साठने जाता येईल."

"आणि त्याला बघणार कोण?"

एलॉय रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मोठे ट्रक जवळून जात होते आणि प्रत्येकाच्या वाऱ्याने त्याचा शर्ट अंगाला चिकटत होता. हातात पाचरी होत्या, दोन बोटं रुंद, लोखंडाच्या, त्यानेच कापलेल्या. या एका कामात त्याचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. आणि ते काम करायला लागणारं सगळं त्याच्याजवळ होतं, फक्त ट्रक रिकामा नव्हता. त्याला स्वतःचाच राग आला, आणि त्याने पाचरी परत पेटीत टाकल्या.

"चाळीसने चल," ओर्लिंदा आतून म्हणाली. "थांबतील कदाचित. आईसाठी थांबतात माणसं."

चाळीसने गेले. मागून येणारे हॉर्न मारत होते, काहीजण जाता जाता काच खाली करून ट्रककडे बघून अंगठा दाखवत होते. सुंदर दिसत होता ट्रक, त्यात वाद नाही. ओर्लिंदा अधूनमधून विचारायची, किती वाजले? पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं. नंतर वीस मिनिटं कमी करून सांगायला लागला. नंतर तिने विचारणं सोडलं.

तुरुंगाच्या दाराशी पोचले तेव्हा भेटीला आलेली माणसं बाहेर पडत होती, लहान मुलं खांद्यावर झोपलेली. चौकीतला पहारेकरी तरुण होता, आमच्याच कुणाच्या घरातला वाटावा असा. एलॉयने त्याला सगळं सांगितलं, हात जोडले नाहीत एवढंच. पोराने आत फोन केला, बराच वेळ बोलला, पुन्हा एकदा केला. प्रयत्न केला त्याने, खोटं कशाला बोला.

"ते म्हणतात, कैदी परत कोठडीत गेले. मोजणी सुरू झाली. मोजणी सुरू झाली की कुणाला हलवता येत नाही, दादा. पुढच्या शनिवारी या. मी स्वतः लक्ष ठेवतो."

"तिला पुढचा शनिवार नाही."

 पहारेकऱ्याने नजर वळवली ती ट्रकवर गेली, चाकांवरून, दारावरून, पुढच्या जाळीवरून फिरली.

"कुठल्या सालचा आहे?"

"अठ्ठावन्न," एलॉय म्हणाला. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. नंतर कितीतरी दिवस त्याला त्या उत्तराची लाज वाटत राहिली.

तो दाराशी परत आला तेव्हा ओर्लिंदाला सांगावं लागलं नाही.

"इथून दिसतं का काही?" तिने विचारलं. "खिडक्या वगैरे?"

"भिंत आहे. आत इमारती आहेत. बारीक फटी आहेत."

"त्याची कुठली?"

"माहीत नाही."

तिला मान उचलता येत नव्हती. ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दे ती गोळी आता." त्याने दोन दिल्या. घरी येईपर्यंत ती झोपून होती, आणि तो सगळा रस्ता तीसने चालवत आला. आता घाई कसलीच नव्हती.

पुढचा शनिवार यायच्या आत ओर्लिंदा गेली. 'लोस लेन्तोस'नी आमच्या रीतीप्रमाणे तिला पोचवलं. शवपेटी एलॉयच्याच ट्रकवर ठेवली, मागे झाडून सगळ्या गाड्या, पायी चालणाऱ्यांना गाठता येईल अशा चालीने. ट्रक हूं का चूं न करता चालला. कबरस्तानाच्या दाराशी दोघा-तिघांनी एलॉयचा खांदा दाबून सांगितलं की काय सुरेख उतरवलायस, पाण्यासारखा चालतो. ते खोटं नव्हतं. अमादेओला यायची परवानगी मिळाली नाही.

मातीहून आल्यावर बेरसाबेने चुलीवर बीन्स चढवले. एलॉय कपडे न बदलता मागे गेला, ट्रक उचलला, यू-बोल्ट सैल केले, दोन्ही बाजूंना पाचरी सरकवल्या, बोल्ट आवळले. नाक दोन अंश खाली आलं. परत घरात आला तेव्हा बीन्स शिजलेसुद्धा नव्हते. तो तसाच ट्रक घेऊन महामार्गावर गेला. साठ, पासष्ट, सत्तर. चढावर दाबला, वाऱ्यावर दाबला. काहीसुद्धा नाही. त्याला वाटलं, थरथरावं आता याने, एकदा तरी थरथरावं, म्हणजे पाचरींनी काही झालं नसतं असं तरी म्हणता येईल. ट्रक गुळगुळीत चालला होता. त्याला तो तिथेच पेटवून द्यावासा वाटला.

त्या शनिवारी जे जमलं नव्हतं ते पुढच्या भेटीच्या शनिवारी जमलं. तो तुरुंगाच्या दाराशी इतका लवकर पोचला की दार उघडायलाच वेळ होता.

अमादेओ समोर येऊन बसला. वाळला होता. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, मध्ये काही नाही.

"मला म्हणाले, कुणी आलंच नाही," अमादेओ म्हणाला. "मी सकाळपासून तयार होऊन बसलो होतो. मला वाटलं, आईला यावंसं वाटलं नसेल. शेवटी शेवटी तिला माझी घृणा आली असेल."

"गप. दारापर्यंत आली होती ती. तीन वाजून गेले होते."

"मग उशीर का केलात, पपा? एक दिवस. एकच दिवस होता."

एलॉयने सांगितलं. त्या पोराला गोष्ट फुलवून सांगायची गरज नव्हती. तो चालायला लागल्यापासून त्या घरात ट्रकखाली पडून बापाला पाने द्यायचा. शाफ्ट, जोर, नाक, एवढं म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलेलं दिसलं.

"किती पाटे काढलेत?"

"तीन."

"सातातले तीन?"

"तिला मऊ बसावं म्हणून."

अमादेओने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  मग हातांच्या आडूनच म्हणाला, "आधी हायवेवर नेऊन बघितला नव्हतात?"

"नाही."

"न्यायचं कुणीच म्हणालं नाही? फर्मीनकाका? कुणीच?"

"कुणीच नाही. रिव्हरसाइडवर फिरवला आम्ही. सगळे होते."

"मी असतो तर पहिल्यांदा हायवेवरच नेला असता," अमादेओ म्हणाला.

"हो," एलॉय म्हणाला. "तू असतास तर."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण शब्द बाहेर पडले आणि दोघांमध्ये बसले, आणि ते परत घेता येण्यासारखे नव्हते, कारण खरे होते. अमादेओने हात खाली घेतले. त्याचा चेहरा आईवर गेला होता, हे एलॉयला आज नव्यानेच दिसलं, आणि त्याला तो बघवेना. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी लहान पोर खुर्चीवर चढत-उतरत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अजून भरपूर वेळ शिल्लक होता. भेट तीनपर्यंत होती, आणि दोघांपाशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.